मामांना बसायला जागा

जरा जवळ सरका. अजून थोडे. एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मोठ्यानं सांगण्यातली नाही. जिची आहे ती आत पडदे झटकते आहे, आणि तिचे कान तिच्या फरशीइतकेच लख्ख आहेत. गोष्ट आमच्या घराची, एका जुन्या सिनेमाची आणि माझ्या मामांची. हसू आलं तर खुशाल हसा, पण बसल्या जागी हसा. हसता हसता उशी सरकली तर जबाब मला द्यावा लागतो.

माझी बायको मनानं वाईट नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे ऐकून तुमचा भलता समज व्हायला नको. तिचं घरावर प्रेम आहे, इतकंच. एखाद्याचं देवावर असतं तसं. मी स्वतःला चांगला भाविक समजतो, पण ती काचेच्या कपाटासमोर जशी एकाग्र होते तसा मी देवासमोर एकदाही झालेलो नाही, हे देवालाही ठाऊक आहे.

आमच्या दिवाणखान्यात मोठा सोफा आहे. सोफ्यावर खोळ, खोळीवर चादर, आणि चादरीवर सहसा कोणी नाही. उशा एका कोपऱ्यावर उभ्या. खिडकीशी डुलती खुर्ची आहे, पण तिनं डुललेलं आमच्याकडे चालत नाही. फरशीवर चरे पडतात. म्हणून खुर्चीखाली दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकून तिला सरळ वळण लावलं आहे. मी विमा कंपनीत मोठ्या मोठ्या इमारतींचं नुकसान ठरवतो, माझ्या सहीवाचून जळालेलं गोदाम जळालं असं कोणी मानत नाही, आणि संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पेपर वाचतो. वाचून झाला की पेपराच्या घड्या होत्या तशा कराव्या लागतात. त्या मला अजून जमलेल्या नाहीत.

तर मामा. माझ्या आईचे धाकटे भाऊ. सगळं आयुष्य त्यांनी देवाच्या गोष्टी गाऊन सांगण्यात घालवलं. मला या गोष्टींचा जो नाद लागला तो त्यांच्यामुळे. लहानपणी त्यांचं निरूपण ऐकता ऐकता मी झोपायचो आणि रडण्याच्या जागी आपसूक जागा व्हायचो. आता ते थकले. मामी गेल्या, मूलबाळ नाही. एका डोळ्यानं दिसत नव्हतंच, दुसऱ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यावर पट्टी राहील, नंतर औषधं, पथ्य. एकट्यानं राहायचं नाही. म्हणजे एक तर आमचं घर, नाहीतर गावाबाहेरचं शुश्रूषागृह. तिथे सगळं चांगलं होतं म्हणतात. फक्त गायला बंदी होती. बाकीच्या पेशंटांना त्रास होतो.

मी धीर करून विषय काढला.

"अगं, मामांना आपल्याकडे आणावं म्हणतो."

"आणा की. मी कुठे नाही म्हणते? पण बसणार कुठे ते?"

मी दिवाणखान्याकडे बघितलं. म्हटलं, "सोफ्यावर."

"डोळ्यात औषध घालणार, ते ओघळणार. सोफ्यावर डाग पडला म्हणजे?"

"मग त्या दोन खुर्च्या आहेत."

"ती जोडी आहे, अहो. एकीवर माणूस बसला की दुसरी ओकीबोकी दिसते."

"डुलती खुर्ची?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तो शब्द परत घेतला.

"आणि मामा गातात," ती म्हणाली.

"देवाचंच गातात ना?"

"देवाचंच. पण गाताना हात स्वस्थ राहत नाहीत त्यांचे. मागच्या खेपेला टीपॉयवर ताल धरला होता. पॉलिश गेलं त्याचं."

बायको 'नाही' म्हणाली असती तर मी भांडलो असतो. निदान भांडावं असं मनात तरी आणलं असतं. पण 'बसणार कुठे' याच्याशी भांडणार कसं? इतक्या फर्निचरच्या घरात मामांना टेकायला जागा नव्हती, आणि ऑपरेशनची तारीख तर जवळ येत चालली होती.

खालच्या मजल्यावर रिटायर्ड पोस्टमास्तर राहतात. ते सल्ला देतात. पूर्वी सल्ला मागावा लागायचा, रिटायर झाल्यापासून तो घरपोच येतो.

"तोंडानं सांगून बायकोला पटलंय असं मी उभ्या जन्मात बघितलं नाही," ते म्हणाले. "तिला सिनेमा दाखव."

"कुठला?"

"जुना आहे. काळा-पांढरा. मी तरुणपणी बघितलाय. एक बाई असते, सारखी घर, घर, घर. नवऱ्याला बसू देत नाही, पाहुण्यांना येऊ देत नाही, फुलदाणी बोटभर सरकली तर आकाशपाताळ एक करते. मग एकेक जण निघून जातो. आधी मोलकरीण, मग आत्या, शेवटी नवरा. बाई त्या मोठ्या घरात एकटी. थिएटरात बायका ढसाढसा रडत होत्या रे!"

"आणि वहिनी? त्या सुधारल्या?"

"ती कुठे आली होती? शेजारणीकडे गेली होती त्या दिवशी. तिथेच तर माझं चुकलं."

दुसऱ्या कोणी हे हसण्यावारी नेलं असतं. पण माझा पिंड निरूपणावर पोसलेला. तुम्ही बघितलं असेल, गाणारे बुवा कधी समोरच्याला 'तू लोभी आहेस' म्हणत नाहीत. ते एका लोभी राजाची गोष्ट गातात, आणि श्रोत्यांतला सावकार उपरण्यानं डोळे पुसायला लागतो. मामांनी हे माझ्या डोळ्यांदेखत शेकडो वेळा केलं होतं. मला वाटलं, जे गाण्यानं होतं ते सिनेमानं का होऊ नये? बायको तो सिनेमा बघेल, स्वतःला ओळखेल, रडेल, आणि मामा सोफ्यावर बसतील. इतकं सरळ होतं ते.

तो सिनेमा कुठेच मिळेना. दुकानांत नाही, टीव्हीवर नाही. अखेर शहरातल्या चित्रपट संग्रहालयात त्याची रिळं आहेत असं कळलं. तिथल्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "व्यक्तीला देत नाही. संस्थेला देतो."

"मी व्यक्तीच आहे," मी म्हणालो.

"दिसतंय. संस्था होऊन या."

मी संस्था झालो. 'जुने चित्रपट रसिक मंडळ' असं नाव ठेवलं. पोस्टमास्तर उपाध्यक्ष, मी चिटणीस. परत गेलो तर बाई म्हणाल्या, कार्यकारिणीत एक तरी महिला पाहिजे. पोस्टमास्तरांची बायको माहेरी गेली होती. आमच्या घरात एकच महिला होती. अशा रीतीनं जिला सुधारण्यासाठी हे मंडळ काढलं तीच त्याची अध्यक्ष झाली. तिनं पहिल्याच बैठकीत ठराव केला की शिक्का मारून झाला की तो पुसून ठेवायचा.

"कसला सिनेमा आहे?" तिनं विचारलं.

"घरगुती आहे," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

पुढची अट निघाली, सभागृह पाहिजे. आमच्या इमारतीला सभागृह आहे. मी सेक्रेटरींकडे गेलो.

"हॉल बंद आहे," सेक्रेटरी म्हणाले. "रंग दिलाय."

"कधी?"

"गेल्या वर्षी."

"मग अजून?"

"वाळतोय. घाई केली की रंगाला पोपडे येतात." मग ते खुर्चीत पुढे सरकले. "पण हॉल कशाला पाहिजे तुम्हाला? तुमचा दिवाणखाना आहे की! सगळ्या बिल्डिंगमध्ये तेवढा मोठा कोणाचा नाही. असं ऐकून आहे. आत कोण गेलंय म्हणा!"

ही बातमी जिन्यानं माझ्याआधी घरी पोचली. इमारतीतल्या एकूण एक माणसाला तो सिनेमा बघायचा होता. सिनेमा कुठला, हे कोणी विचारलं नाही. आमच्या दाराशी येऊन दूध, पत्रं, वर्गणी, सगळं देऊन-घेऊन लोक इतकी वर्षं उंबऱ्यावरूनच मागे फिरले होते. माना लांब करून जेवढं दिसेल तेवढं बघत. आता त्यांना आत यायला कारण सापडलं होतं.

आता ही सरळ नाही म्हणणार, मंडळ बुडणार, मामा शुश्रूषागृहात जाणार, असं धरूनच मी घरी आलो.

"कितीजण येतील?" तिनं विचारलं.

"तीसेक तरी."

मग एकदा खोलीभर नजर फिरवून म्हणाली, "मागच्या रांगेतून कपाटाचा वरचा कप्पा दिसेल का हो?"

आणि कामाला लागली.

तो आठवडा मी विसरणार नाही. तिनं छत धुतलं. छताला काय होतं म्हणून विचारलं तर म्हणाली, "अंधारात लोक वर बघतात." जुन्या चादरी फाडून तिनं पावलांच्या पिशव्या शिवल्या; येणाऱ्या प्रत्येकानं दोन्ही पायांत चढवून वर नाडी बांधायची. शेजाऱ्यांकडून खुर्च्या मागवल्या, आणि प्रत्येक खुर्ची दारात उलटी करून तपासली. सेक्रेटरींची खुर्ची नापास झाली. ती खांद्यावर घेऊन परत जिना उतरताना त्यांचा चेहरा मी बघितला, आणि हॉलचा रंग आता माझ्या हयातीत वाळत नाही हे मला कळलं.

मग संग्रहालयाचे इन्स्पेक्टर जागा पसंत करायला आले. हातात टेप, काखेत फाइल. बायकोनं त्यांना दारात थांबवलं, पिशव्या घालायला लावल्या, टेपही पुसून घेतली.

"बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे, मागचं दार. पण तिकडून कोणी जायचं नाही. आत्ताच पुसलंय."

"बाई, आग लागली तर?"

"माझ्या घरात?" ती म्हणाली.

इन्स्पेक्टर भिंतीकडे बघत राहिले. पुढे होऊन तिच्यावरून बोट फिरवलं, बोट बघितलं, पुन्हा फिरवलं. "पडदा नको," ते हळूच म्हणाले. "इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी पांढरी भिंत बघितली नाही." आणि जागा मंजूर करून, उलट्या पावलांनी, आपल्याच खुणा पुसत बाहेर गेले.

सिनेमाची संध्याकाळ आली. लोक वेळेच्या आधी आले. पायांत पिशव्या, खाली आरशासारखी फरशी. आमच्या दिवाणखान्यात त्या दिवशी कोणी चाललं म्हणून नाही. सगळे आले ते घसरत. पोस्टमास्तर दारातून नमस्कार करत निघाले, ते नमस्कार सोडायच्या आत थेट खिडकीशी जाऊन डुलत्या खुर्चीवर आदळले. पाचरी उडाल्या, आणि ती खुर्ची इतक्या वर्षांचं साचलेलं एकदम डुलली. पोस्टमास्तर त्यात पुढे-मागे, पुढे-मागे. त्यांना थांबवायला धावलेले सेक्रेटरी सोफ्याखाली. मी डोळे मिटून देवाचा धावा केला. उघडले तेव्हा बायको शांतपणे म्हणत होती, "बसा हो मास्तर, तिथूनच चांगलं दिसेल."

मला काही उमगेना. वाटलं, सिनेमा सुरू व्हायच्या आधीच गुण आला की काय!

दिवे मालवले. भिंतीवर बाई आली. काय घर होतं तिचं! उंच जिना, चकचकीत कठडे, कोनाड्यात फुलदाणी. बाईनं नवऱ्याच्या हाताखालची उशी काढून घेतली तशी मी अंधारात बायकोकडे बघितलं. ती पहिल्या रांगेत, मान ताठ.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "उशी दबते."

बाईनं मोलकरणीला फैलावर घेतलं.

"कठड्याच्या खालून पुसलंच नव्हतं तिनं. मी मघाशीच बघितलं."

इकडे बाकीचे प्रेक्षक भिंतीकडे कमी आणि आमच्या घराकडे जास्त बघत होते. सिनेमात उजेड झाला की तीस माना कपाटाकडे वळायच्या, अंधार झाला की परत भिंतीकडे. अधूनमधून कुजबुज ऐकू यायची, "अगं, पडद्यांना आतून अस्तर आहे!" सिनेमातली आत्या गाठोडं घेऊन घराबाहेर पडली, त्या सगळ्यात महत्त्वाच्या प्रसंगाला सेक्रेटरींच्या बायकोचं लक्ष आमच्या छताकडे होतं. तिथे रडले फक्त दोघे, मी आणि पोस्टमास्तर. मला ती आत्या म्हणजे मामाच वाटत होती. पोस्टमास्तरांना काय वाटत होतं देव जाणे, पण ते डुलत डुलत रडत होते आणि खुर्ची त्यांना साथ देत होती.

शेवट आला. नवरा गेला. बाई एकटी, मागे तो सगळा झगझगीत पसारा. ती या खोलीतून त्या खोलीत जाते. कुठे काही हललेलं नाही. संपलं.

दिवे लागले. माझी बायको रडत होती.

खरंच सांगतो, पदरानं डोळे टिपत होती, नाक लाल झालं होतं. मला मामांचे श्रोते आठवले. मनात म्हटलं, देवा, गोष्ट पोचली! खाली वाकून अगदी मऊ आवाजात विचारलं, "काय झालं गं?"

"बिचारी हो!" ती हुंदका देऊन म्हणाली. "इतकं घर ठेवलं. जन्म घातला त्यात. आणि शेवटी बघायला कोणी नाही!"

मी उभाच राहिलो. मंडळ, शिक्का, इन्स्पेक्टर, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून घसरत गेलं. मोठ्या माणसाचा अपमान झाला तर तो निदान उठून जाऊ शकतो. माझ्या पायांत पिशव्या होत्या.

तेवढ्यात बाकीच्यांनी तिला गराडा घातला. "वहिनी, छतसुद्धा पुसता तुम्ही?" "वहिनी, कपाटाच्या काचेला काय लावता हो?" "मी तर खुर्चीवरून उठलेच नाही, म्हटलं फरशीवर डाग पडायचा!" ती प्रत्येकीला सांगत होती, कपाट उघडून दाखवत होती. तिचे गाल असे लाल झालेले मी लग्नात बघितले होते. सेक्रेटरी, म्हणजे ज्यांची खुर्ची नापास झाली ते, काचेला नाक न लावता काचेतून बघत म्हणाले, "बाई, आमच्या हॉलला तुम्ही एकदा हात लावा." तेव्हा ती हसली.

सगळे गेल्यावर ती पिशव्या गोळा करत होती. मी स्टुलाकडे निघालो.

"मामांचं ऑपरेशन कधी आहे?" तिनं विचारलं.

"पुढच्या सोमवारी. मी त्या शुश्रूषागृहाला कळवतो..."

"कशाला? इकडेच आणा."

"अगं, पण बसणार कुठे?"

"म्हणजे काय, अहो! सोफा काय शोभेला आहे? तुम्हाला बघायची नजर नाही हो, राग मानू नका. इतकी वर्षं झाली, या पडद्यांचा रंग विचारला तर सांगता येणार नाही तुम्हाला." मी मागे वळून बघायला लागलो तशी म्हणाली, "आता नका बघू. घरात एक तरी बघणारं माणूस पाहिजे."

"पण त्यांच्या डोळ्यावर पट्टी असणार."

"ती काय जन्मभर राहणार आहे? तोवर मी सांगेन."

आणि मामा आले. हात धरून मी त्यांना सोफ्यापर्यंत नेलं. खोळ नव्हती. चादर नव्हती. "हात फिरवून बघा मामा," ती म्हणाली, "मखमल आहे. खोळीवरून काय कळणार?" मग शेजारी बसून तिनं सांगायला सुरुवात केली. दाराच्या कडीपासून. कडी पितळेची, ती कशानं घासायची, तिच्यात संध्याकाळी खिडकी कशी दिसते. दुसऱ्या दिवशी पडदे. तिसऱ्या दिवशी काचेचं कपाट, तेही वरच्या कप्प्यापुरतंच. मी स्वयंपाकघरात बसून ऐकत होतो, आणि देवाशपथ सांगतो, बाई रंगात आल्या होत्या. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, सगळं बरोबर. आणि मामा! ज्यांना आयुष्यभर लोकांनी ऐकलं ते मान डोलावून दाद देत होते. "वा! मग? त्या निळ्या बशीचं पुढे काय झालं?" असा प्रश्न तिला जन्मात कोणी केला नव्हता. ती हातातलं फडकं ठेवायची आणि निळ्या बशीचं आख्यान लावायची.

डोळ्यातलं औषध ओघळायचं. ती बोलता बोलता पुसायची. मामांचं गालावरचं आधी, सोफ्यावरचं नंतर.

पट्टी काढायची वेळ आली तशी ती अस्वस्थ झाली. पहाटेपासून झाडत होती, मग पुसत होती, मग नुसतीच या दारातून त्या दारात. मला म्हणाली, "अहो, मी जास्तच सांगितलं का हो? इतकं काही नाहीये ते. त्यांना खोटं वाटेल." इतक्या वर्षांत आपल्या घराबद्दल असं बोलताना तिला मी पहिल्यांदा ऐकत होतो. मामांना अजून धड दिसत नसलं तर? किंवा दिसलं, आणि त्यांनी सवयीनं नुसतंच 'छान' म्हटलं तर?

पट्टी निघाली. मामा बराच वेळ पाणावल्या डोळ्यानं इकडे तिकडे बघत राहिले. कडी बघितली, पडदे बघितले. कपाटापाशी थांबले. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

मामा म्हणाले, "मुली, हे घर मी ओळखतो."

ती आत निघून गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला, धुतलेलीच भांडी ती पुन्हा धूत होती.

डॉक्टरांनी सांगितलेली मुदत कधीच संपली. मामांना परत पोचवायचं का, असं मी एकदा विचारून बघितलं. ती म्हणाली, "असे कसे जातील? मागची खोली त्यांची बघायची राहिली आहे." मागच्या खोलीत दोन ट्रंका आणि एक शिडी आहे, पण ती काय काय सांगेल याचा भरवसा नाही.

तर अशी गोष्ट. माझ्या हातून कोणी सुधारलं नाही, सिनेमा ज्याच्यासाठी आणला ते झालं नाही, आणि मला बसायला अजून स्टूलच आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही. फक्त तुमच्याकडे एक मागणं आहे. रात्री देवापुढे हात जोडाल तेव्हा घरच्यांसाठी मागून झालं की त्या सिनेमातल्या बाईचीही आठवण ठेवा. माझी बायको रोज ठेवते. बाईचं नाव काय होतं ते आम्हा कोणाच्याच लक्षात नाही; रडण्याच्या गडबडीत राहून गेलं. तुम्ही नुसतं म्हणा, देवा, त्या मोठ्या घरात एक बाई एकटी आहे, तिच्याकडे कोणीतरी जाऊन बसू दे.